मधुमेह म्हणे श्रीमंतांचा रोग! काष्टीच्या बाजारात या आणि मग बोला

शनिवार म्हणजे काष्टीचा बाजार. श्रीगोंदा तालुक्यातील, दौंड-नगर रस्त्यावरचे हे गाव जनावरांच्या बाजारासाठी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशाच एका शनिवारी चहाच्या टपरीवर एक धम्मबांधव भेटले. वय पंचेचाळीसच्या घरात आणि वजनही तेवढेच किलो. उभे आयुष्य ऊसतोडीत गेलेले. पायाच्या अंगठ्याला फडके गुंडाळलेले. ‘जयभीम’ झाला आणि आम्ही विचारले, पायाला काय झाले? तर म्हणाले, "पाचटाचं कुसळ शिरलं वकीलसाहेब, दीड महिना झाला, भरंनाच." आम्ही म्हटले, साखर तपासली का? त्यावर ते मोठ्याने हसले. "आमाला कुठली साखर? ती बंगलेवाल्यांना व्हती. आमच्या अंगावर मांस तरी हाय का?"

त्यांना आग्रहाने तपासणीला नेले. उपाशीपोटी साखर २८० निघाली! १२६ च्या वर गेली की मधुमेह समजतात. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पाठ झालेला उपदेश केला: गोड बंद करा, वजन कमी करा, रोज सकाळी फिरायला जा. आम्ही एकदा डॉक्टरांकडे पाहिले, एकदा त्या बांधवाकडे. कोणते वजन कमी करायचे? आणि जो माणूस पहाटेपासून उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहतो, त्याने आणखी किती फिरायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही जे काही वाचले, ते समाजापुढे ठेवणे आम्हाला गरजेचे वाटते. कारण ‘हा श्रीमंतांचा रोग आहे’ या एका समजुतीने आमच्या वस्त्यांतील माणसांचे पाय, डोळे आणि मूत्रपिंडे गिळायला सुरुवात केली आहे.

आधी आकडे पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे देशव्यापी सर्वेक्षण २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. एवढे सगळे लोक बंगल्यात राहतात काय?

खरे उत्तर आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातच सापडले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या माता शेतकरी-कष्टकरी घरांतल्या. गरोदरपणाआधी त्यांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे साडेतीन किलो. आता मुद्दा लक्षात घ्या. आपले बाळ लहान होते, त्याचे स्नायू कमी होते, पोटातील अवयव लहान होते. परंतु चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती! बाहेरून काटकुळे, आतून चरबीचे. यालाच शास्त्रज्ञांनी ‘कृश-स्थूल भारतीय’ म्हटले. म्हणजे मधुमेहाचे बीज श्रीखंड-बासुंदी खाल्ल्याने पडत नाही, ते उपाशी आईच्या पोटातच पडू शकते.

याच संशोधनाने आणखी एक गोष्ट दाखवली. गरोदरपणात जी आई जास्त अंगमेहनत करते, शेतात राबते, लांबून पाणी आणते, तिचे बाळ अधिक लहान जन्मते. जिच्या ताटात हिरवी भाजी, दूध, फळे येतात तिचे बाळ मोठे होते. ही बाळे पुढे १८ वर्षांची झाली, तेव्हा त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मी कमी वजनाचीच होती. तरीही ३७ टक्के मुलांची आणि १८ टक्के मुलींची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेली होती. लठ्ठपणा नाही, पैसा नाही, आणि तरीही साखर!

काष्टीच्या आसपास उसाचा पट्टा आहे. हंगामात कोयते येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर असते. बाई सातव्या महिन्यात असली तरी मोळी वाहते, कारण खाडा केला तर दंड बसतो. संशोधकाने खेड्यात जे मोजले ते आम्ही फडात उघड्या डोळ्यांनी पाहतो. उसाची साखर कारखान्यातून पोत्यात जाते आणि ऊस तोडणारणीच्या लेकराच्या रक्तात दुसरी साखर उतरते. ही आमच्या व्यवस्थेची कमाल आहे!

आणि १९७२ चा दुष्काळ आठवा. नगर जिल्ह्यात खडी फोडणाऱ्या, सुकडीवर दिवस काढणाऱ्या आयांच्या पोटी तेव्हा जी लेकरे वाढली, ती आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, तेव्हा गर्भात असलेल्या मुलांची पुढे आयुष्यभर तपासणी झाली आणि त्यांच्यात रक्तातील साखर पेलण्याची शक्ती कमी आढळली. त्यांच्या एका हिवाळ्याचा हिशेब जगाने ठेवला. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासमारीचा हिशेब कोण ठेवणार?

जगाने आता उशिरा का होईना, एक गोष्ट मान्य केली. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित मधुमेहाला ‘पाचव्या प्रकारचा मधुमेह’ म्हणून मान्यता दिली. १९५५ साली जमैकात या रोगाचे वर्णन झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली त्याला यादीत जागा दिली आणि १९९९ साली ती काढून घेतली. गरिबांचा रोग, म्हणून नाव नोंदवायलाही कुणी वाली नाही! पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील आणि अमेरिकेतील डॉक्टरांनी २०२२ साली दाखवून दिले की, या कृश रुग्णांचे शरीर इन्सुलिनला दाद देते, पण स्वादुपिंडच पुरेसे इन्सुलिन तयार करू शकत नाही. म्हणजे लठ्ठ माणसाचा उपदेश आणि लठ्ठ माणसाचा औषधोपचार त्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही. आमच्या त्या बांधवाचा मधुमेह कोणत्या प्रकारचा, हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. पण निदान तो प्रश्न त्यांना पडला तरी पाहिजे!

आता ताटाकडे वळू. पुण्याच्या त्याच अभ्यासात ६० टक्क्यांहून अधिक मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ज्या मातांचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. हेच एकमेव कारण आहे असे कोणी म्हणणार नाही. पण बी-१२ नैसर्गिकरीत्या मिळते ते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून, भाजीपाल्यातून नव्हे. आता सांगा, शाळेतल्या लेकराच्या ताटात अंडे असावे की नसावे? महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी काढून घेतला. बैलाचे स्वस्त मांस २०१५ च्या कायदादुरुस्तीने गोरगरिबांच्या ताटातून गेले. काष्टीच्या बाजारात म्हातारा बैल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला विचारा, त्या कायद्याने कुणाचे भले झाले! रेशनच्या कायद्याने माणशी ५ किलो धान्य मिळते, पण डाळीची हमी नाही. परिणाम काय? आयुर्विज्ञान परिषदेच्याच २०२५ च्या अहवालानुसार भारतीय माणूस ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून घेतो आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. ज्यांनी आमच्या खाण्याला विटाळ म्हटले, त्यांच्याच सोवळ्याओवळ्याने आजही आमच्या लेकरांचे ताट ठरते, हे आम्ही किती दिवस सहन करायचे?

प्रतिबंध होत नाही असे मात्र नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार आणि व्यायाम सुधारला तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या स्वस्त गोळीनेही जवळपास तेवढाच फरक पडला. ज्यांचे पोट सुटले आहे, ज्यांची नोकरी खुर्चीतली आहे, अशा आमच्या सुशिक्षित बांधवांनी हे गांभीर्याने घ्यावे. २०१७ सालच्या ब्रिटनमधील प्रयोगात वजन उतरवून ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षभरात औषधाविना काबूत आला. पण हा उपाय वजन असणाऱ्यांचा आहे, ऊसतोड्याचा नव्हे. त्याला ताटात कमी नव्हे, नीट खायला हवे. भातापोळीचा ढीग कमी आणि हुलगा, मटकी, अंडी, सुकट अधिक.

दोन गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे बी-१२ कमी होऊ शकते. तेव्हा पायाला मुंग्या येत असतील तर ते डॉक्टरांना विचारून तपासून घ्यावे. गोळी मनाने बंद करू नये. आणि अंगात रक्त कमी असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी फसवी निघू शकते. आमच्या आयाबहिणींच्या अंगात रक्त किती असते, ते वेगळे सांगायला नको.

इन्सुलिन शोधणाऱ्यांनी १९२३ साली त्याचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलरला देऊन टाकले. औषध सगळ्यांचे असावे, ही त्यांची भावना होती. ज्या माणसाने आमच्यासाठी औषधापेक्षा मोठे काम केले, त्या परमपूज्य बाबासाहेबांनाही मधुमेहाने पोखरले होते. पाय दुखत, दृष्टी अधू होत चाललेली, आणि तशा शरीराने त्यांनी देशाचे संविधान लिहिले, आम्हाला धम्म दिला. ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर डोळे पुसतो. पण ज्या रोगाने त्यांचे शरीर झिजवले, तोच रोग आपल्या घरात आहे का, हे तपासून पाहतो का?

बाबासाहेबांनी जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिविषयक विधेयकाच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. पुण्याच्या खेड्यांतले संशोधन पासष्ट वर्षांनी सुरू झाले. बाबासाहेबांनी मात्र दुखणे आधीच ओळखले होते! संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४ ने गरोदर मातेला अंगणवाडीतून मोफत आहार आणि किमान ६ हजार रुपये देऊ केले, सरकारी नोकरी वा तत्सम लाभ असणाऱ्या स्त्रिया वगळून. प्रत्यक्षात मातृवंदना योजना पहिल्या बाळासाठी ५ हजार देते आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६ हजार. कायद्यात अशी अट कुठे आहे? आणि फडावर राहणाऱ्या गरोदर बाईला गावाकडची अंगणवाडी काय कामाची? हा दयेचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे. कायदा शिकलेल्या आमच्यासारख्यांनी तो मांडलाच पाहिजे.

तेव्हा धम्मबांधवांनो, एक काम करा. येत्या भीमजयंतीला डीजेच्या खर्चातले थोडे पैसे बाजूला काढा. प्रत्येक विहारात एक सकाळ तिशीच्या पुढच्या सर्वांची, बारीक असो वा जाड, साखर तपासा. वस्तीतील प्रत्येक गरोदर बाईचे नाव अंगणवाडीत लागले का, पैसे खात्यात आले का, हे वहीत लिहा आणि आले नसतील तर लेखी अर्ज करा. हंगामात फडावर जाऊन हेच करा. शाळेतील अंड्यासाठी व्यवस्थापन समितीत ठराव मांडा.

आमच्या त्या बांधवाचा अंगठा शेवटी काढावा लागला. पाय वाचला. परवा बाजारात भेटले तेव्हा स्वतःच म्हणाले, "वकीलसाहेब, पोरीची बी तपासली. तिला दिवस गेल्यात. औंदा तिला फडावर न्हाई धाडणार." उचल कशी फिटणार, ते त्यांनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. पण ती उचल एकट्या बापाने का फेडायची, हा प्रश्न आता आपण सगळ्यांनी मिळून विचारायचा आहे.