घोरपड : रोयणीतली आणि घुमटावरची

चवथ जवळ आली की माळ्यावरची घुमटे खाली उतरतात. जुन्या घुमटाच्या तोंडावर बारीक मण्यांसारख्या खवल्यांची नक्षी दिसते. ते घोरपडीचे कातडे. आपल्यातल्या पुष्कळांनी घोरपड पाहिली असेल ती एवढीच. म्हणून तिच्या जिवंतपणीच्या आयुष्याविषयी थोडे सांगतो.

शास्त्रात तिला वॅरॅनस बेंगालेन्सिस म्हणतात. नावात बंगाल असला तरी ती इराणपासून म्यानमारपर्यंत आढळते. शेपटीसह पावणेदोन मीटरपर्यंत वाढते. त्यातली निम्म्याहून अधिक शेपटीच. रंग करडा-तपकिरी, पिल्लांच्या अंगावर मात्र पिवळसर ठिपके. जीभ सापासारखी दुभंगलेली असते म्हणून लोक तिला विषारी समजतात. ती जीभ वास टिपण्यासाठी आहे. हवेतले कण टाळूतल्या इंद्रियापर्यंत नेते, आणि त्यावरून घोरपड भक्ष्य शोधते.

मुळगावासारख्या गावात तिला हवे ते सारे असते : काजूच्या बागा, शेतांचे बांध, ओढ्याचे काठ, जुन्या झाडांच्या ढोली. डोंगराचा जो भाग खाणीत गेला, तिथले हे सारे गेले. सकाळी उन्हात अंग तापवल्याशिवाय ती हलत नाही. मग भुंगेरे, अळ्या, विंचू, खेकडे, बेडूक, उंदीर, पक्ष्यांची अंडी, मिळेल ते खाते. झाडावर चढते, पाण्यात बुडीही मारते. कपारीत शिरून तिने अंग फुगवले की ओढून काढणे कठीण. तानाजीच्या यशवंतीची कथा याच पकडीवरून रचली गेली असावी. दोराला लटकलेल्या माणसाचे वजन तिने पेलले, हे मात्र मला पटत नाही.

जून ते सप्टेंबर हा तिच्या विणीचा काळ. मादी बीळ खणून, किंवा चक्क रोयणीत, वीसेक अंडी घालते आणि माती सारखी करून निघून जाते. पिल्ले बाहेर यायला पाच महिन्यांहून अधिक काळ लागतो. ज्या रोयणीला आपण सातेरी म्हणून हात जोडतो, तीच तिची बाळंतिणीची खोली. आणि चवथीच्या आधी घुमटासाठी जिला मारत, ती मादी असली तर बहुधा पोटात अंडी घेऊनच मरे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत घेतले आहे. मारणे हा गंभीर गुन्हा. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचे वारसावाद्य ठरवले, ते बकऱ्याच्या कातड्यावर. जुने वाजवणारे म्हणतात, नाद तसा येत नाही. माझ्या कानालाही फरक कळतो. बकऱ्याचाही जीवच, हे मला जैन म्हणून बोचते. पण बकऱ्याची पैदास होते, घोरपडीची कोणी करत नाही.

दवाखान्यात मला गुडघेदुखीवर घोरपडीच्या तेलाबद्दल विचारतात. "डॉक्टर, तुम्ही जैन, तुम्हाला आवडणार नाही," असेही वर म्हणतात. आवडीचा प्रश्न नाही. ती चरबी आहे. चोळल्याने बरे वाटते ते चोळण्यामुळे, आणि ते खोबरेल तेलानेही वाटते.

घोरपड घरात शिरली तर कुत्रा बांधावा, दार उघडे ठेवून बाजूला व्हावे. ती आपण होऊन जाते. कोंडीत पकडली तर शेपटीचा फटका देते, चावतेही. चावलीच तर जखम साबणाने भरपूर पाण्याखाली धुवावी आणि धनुर्वाताच्या सुईसाठी डॉक्टरकडे जावे.