पान किती तास ओलं होतं?

रोचेस्टरला घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात सफरचंदाची दोन झाडं होती. ऑन्टारियो सरोवराचा हा काठ सफरचंदांसाठी प्रसिद्ध. झाड आहे म्हणजे फळ येणारच, असा माझा समज. पहिल्याच जूनमध्ये पानांवर शेवाळी, मखमली डाग दिसले. पुढे ते काळपट झाले, पानं पिवळी पडून गळाली. फळांवर खपल्या धरल्या, काही तडकली.

व्हिडिओ कॉलवर बाबांना झाड दाखवलं. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग. भुरी आणि डाऊनीशी झुंजण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सफरचंदाचं झाड त्यांनी कधी पाहिलेलं नाही, तरी पहिला प्रश्न आला, "पाऊस झाला तेव्हा पान किती तास ओलं होतं?"

मला हसू आलं. असं कोण मोजतं?

मोजतात! हा रोग म्हणजे ॲपल स्कॅब. कॉर्नेल विद्यापीठातल्या मिल्स यांनी १९४०च्या दशकात याच प्रश्नाचा तक्ता मांडला. पुढे सुधारलेल्या तक्त्यानुसार, १६ ते २४ अंश सेल्सिअसला पान सलग ६ तास ओलं राहिलं की रोग लागू शकतो. १० अंशाला साधारण ११ तास लागतात. डाग मात्र दीड-दोन आठवड्यांनी दिसतात. म्हणजे मी जूनमध्ये पाहत होतो तो वसंतातल्या पावसाचा निकाल होता.

ही बुरशी हिवाळा काढते गळलेल्या पानांत. वसंतात पावसाबरोबर तिचे बीजाणू उडून कोवळ्या पालवीवर बसतात. म्हणून त्या वर्षी पानगळ झाल्यावर सगळा पाचोळा गोळा करून काढून टाकला. फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटणी करून झाड मोकळं केलं, म्हणजे वारा खेळतो आणि पान लवकर वाळतं. फवारणी केली ती पावसाआधी, लेबलवरच्या प्रमाणातच. डाग दिसल्यावर फवारून गेलेलं पान परत येत नाही.

दुसऱ्या वर्षी फळ चांगलं आलं आणि मी नवी चूक केली. झाड हलवून फळं पाडली आणि खोकं भरून गॅरेजमध्ये ठेवलं. दिवाळीला आई आली. छाटणीनंतर बाग सोडता येत नाही म्हणून बाबा आले नाहीत. खोकं उघडलं तर कुबट वास! मार लागलेल्या जागी फळ मऊ, पाणीदार झालेलं, वर निळसर-हिरवी बुरशी. आई म्हणाली, "नासका भाग काढ, उरलेल्याचा मुरंबा करते."

नको म्हटलं. ही निळी बुरशी सालीच्या जखमेतून आत शिरते आणि पॅट्युलिन नावाचं विष तयार करू शकते. ते शिजवूनही पूर्ण जात नाही. अमेरिकेत सफरचंदाच्या रसात त्याची मर्यादा अब्जात ५० भाग इतकीच आहे. नासकी फळं फेकली. आईला वाईट वाटलं, मलाही.

आता फळ हातानं, देठासकट तोडतो. डागी, खरचटलेली फळं लगेच खायला काढतो. स्कॅबची खपली असलेलं फळ सोलून खाता येतं, पण ते टिकत नाही. उरलेली फळं फ्रिजमध्ये, भोकं पाडलेल्या पिशवीत. थंडीनं बुरशी मरत नाही, फक्त मंदावते. म्हणून दर आठवड्याला पिशवी तपासायची.

यंदा मे महिन्यात फुलोऱ्यात रात्रभर पाऊस झाला. सकाळी बाबांना फोन केला आणि त्यांनी विचारायच्या आत सांगितलं, "नऊ तास, तेरा अंश."

"मग?" ते म्हणाले.

"फवारणी परवाच झालीय."