जळजळ थांबली म्हणजे डोळा बरा झाला का?

कांदा कापताना साऱ्या घराच्या डोळ्यांत पाणी येते, फक्त अम्मीच्या येत नाही. आपण हे कौतुकाने सांगतो. पण तिचे डोळे एरवी वाळू गेल्यासारखे खुपत असतील, पाण्याच्या घोटाशिवाय सुकी भाकरी गिळवत नसेल, सांधे दुखत असतील, तर तो शोग्रेनचा आजार असू शकतो. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली आपल्या प्रबंधात त्याचे सविस्तर वर्णन केले. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर उलटते. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात.

या आजारात अश्रू आटतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. कॉर्नियाच्या नसांचे मात्र कुणी सांगत नाही. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिनी नाही, पण नसा इतक्या दाट की धुळीचा कणही सहन होत नाही. डोळा सुकतोय ही खबर याच नसा मेंदूला देतात; मग पापणी मिटते, अश्रू येतात. सूज आणि कोरडेपणा यांमुळे त्या झिजू लागल्या की खबरच जात नाही. अश्रू आणखी आटतात, नसा आणखी झिजतात. जळजळ मात्र कमी होते! बाई म्हणते, "आता बरं वाटतंय," आणि थेंब बंद करते. आतल्या आत कॉर्नियावर जखम होत असते.

कधी याच्या उलटही घडते. दुखावलेल्या नसा खोटीच वेदना कळवत राहतात. डोळा साफ दिसतो, दुखणे जात नाही, आणि घरातले म्हणतात, "काही नाही, वहम आहे." आम्हाला हे वाक्य फार क्रूर वाटते. कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली त्या विरळ, वेड्यावाकड्या नसा प्रत्यक्ष दिसू शकतात.

पहिली तपासणी अगदी साधी असते. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवतात. ती पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली, तर अश्रू फारच कमी. सोबत रक्ततपासणी होते. उपचारात प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब देतात, कारण वारंवार घातल्यास ते द्रव्यही नसांना इजा करते. सायक्लोस्पोरिनच्या थेंबांचा गुण यायला काही महिने लागतात, तेवढा धीर धरावा. काहींना स्वतःच्याच रक्तातील सीरमपासून थेंब करून देतात. त्यांनी नसांना पुन्हा वाढायला मदत होते. मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइडचे थेंब आणू नयेत, त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो. सुरमाही बंद ठेवावा, पुष्कळ सुरम्यांत शिसे असते.

रमजानमध्ये रोजा तुटेल या भीतीने अनेकजणी दिवसभर थेंब घालत नाहीत. हनफी आणि शाफई, दोन्ही फिकहनुसार डोळ्यात औषध घातल्याने रोजा तुटत नाही. शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारून घ्या, पण रमजान लागण्याआधीच विचारा.