मोठा कॉम्प्युटर बंद करताना

घरातला टीव्ही बंद करायचा तर बटण दाबलं की झालं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरचंही मी तसंच समजत होते. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी लाईट गेली, यूपीएस पीं पीं करायला लागला आणि मी घाईघाईत मोठ्या डब्याचं बटण दाबून धरलं. पलीकडच्या खोलीत दोन ताया त्याच कॉम्प्युटरवर गटांचे हप्ते चढवत होत्या. सकाळपासून सेव्ह न केलेलं सगळं गेलं. मला त्या काही बोलल्या नाहीत, पण सातपर्यंत थांबून पुन्हा लिहीत बसल्या. एकीचं लेकरू घरी तान्हं होतं.

आमच्या या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. एकाच वेळी अनेकींनी काम करायचं, ही रीत त्याने युनिक्सकडून घेतली. युनिक्स 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये सुरू झालं. तेव्हा यंत्रं इतकी महाग की एकावर अनेकांनी बसायचं. लिनक्स आलं 1991 मध्ये, पुण्यात सी-डॅकचा परम 8000 झाला त्याच वर्षी.

आता आपली बैठक आठवा. आकडे आधी कच्च्या वहीत मांडतो, मग पक्क्या रजिस्टरात उतरवतो. कॉम्प्युटरही बरंचसं आधी मेमरीत ठेवतो आणि थोड्या वेळाने डिस्कवर उतरवतो. मधेच वीज तोडली तर कच्ची वही जळाली म्हणायची. कधी रजिस्टरचं पानही अर्धवट राहतं.

म्हणून काळ्या पडद्यावर, म्हणजे टर्मिनलमध्ये, आधी डब्ल्यू-एच-ओ ही तीन अक्षरं टाईप करून एंटर दाबा. आत कोण कोण आहे ते दिसतं. मग ‘सुडो शटडाऊन’ हे दोन शब्द इंग्रजी अक्षरांत, पुढे +5, आणि अवतरण चिन्हात निरोप: लाईट गेली, काम सेव्ह करा. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, घाबरू नका. मी दहा-दहा वेळा खोडून पुन्हा टाकला होता!

आता पाच मिनिटं मोजली जातात. तेवढ्यात नवीन कुणी साधी बाई आत शिरू शकत नाही. वेळ संपली की चालू कामांना ‘आवरा’ असा इशारा जातो, न आवरणाऱ्यांना जबरदस्तीने थांबवलं जातं, उरलेलं पक्क्यात उतरतं आणि मगच वीज बंद होते. पण तुम्ही सेव्हच केलं नसेल, तर ते काम हा हुकूम वाचवत नाही. शिवाय खिडक्यांच्या पडद्यावर काम करणारीला निरोप दिसेलच असं नाही. म्हणून उठून दारातून हाक मारायचीच.

मधेच लाईट आली तर ‘सुडो शटडाऊन’, पुढे एक जागा सोडून वजा चिन्ह आणि लगेच सी. बंद होणं रद्द.

आमचा यूपीएस जेमतेम पंधरा मिनिटं टिकतो, म्हणून मी पाच देते. तुमचा किती टिकतो ते एकदा घड्याळ लावून बघा. डब्यावरचा दिवा विझेपर्यंत भिंतीवरच्या स्विचला हात लावायचा नाही. हा पासवर्ड आम्ही दोघींकडे ठेवला आहे, कारण मी बुधवारी गावांमध्ये असते.