अळीचं वय आणि मृत्यूची वेळ

मंडळी, मागच्या वेळी आपण मृतदेह थंड कसा होतो आणि ताठ कसा पडतो, इथे थांबलो होतो. ही दोन्ही घड्याळं पहिले एक-दोन दिवस चालतात आणि मग बंद पडतात. देह दहा-बारा दिवसांनी सापडला तर थर्मामीटर लावून काही कळत नाही. मग विचारायचं कोणाला? माशीला.

हसू नका. एक खटला सांगतो, त्याचा धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो.

२९ सप्टेंबर १९३५. स्कॉटलंडमध्ये मॉफट गावाजवळ एका पुलावरून खाली ओढ्याकडे पाहताना एका तरुणीला गुंडाळीतून बाहेर आलेला माणसाचा हात दिसला. पोलिसांनी शोध घेतला तेव्हा कपड्यांत आणि वर्तमानपत्रांत बांधलेले ७०च्या आसपास तुकडे मिळाले. दोन स्त्रियांचे. चेहरे, बोटांची टोकं, ओळख पटेल असं जवळजवळ सगळं मुद्दाम नष्ट केलेलं. कापणाऱ्याला शरीररचना ठाऊक होती, हे तिथेच उघड झालं.

वर्तमानपत्रांत 'संडे ग्राफिक'चा १५ सप्टेंबरचा अंक होता, आणि तोही फक्त इंग्लंडमधल्या लँकेस्टर-मोरकम भागात विकलेल्या खास आवृत्तीचा. लँकेस्टरमध्ये डॉ. बक रक्स्टन दवाखाना चालवत होते. मूळ नाव बुख्त्यार रुस्तमजी रतनजी हकीम, मुंबईचे पारशी, मुंबई विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतलेले. त्यांची जोडीदार इझाबेला आणि घरात काम करणारी मेरी रॉजरसन या दोघी नाहीशा झाल्या होत्या. दोघी १५ तारखेला एडिंबरोला गेल्या, असं डॉक्टर सांगत होते.

म्हणजे सगळं तारखेवर येऊन ठेपलं. ते तुकडे ओढ्यात पडले कधी? १५ नंतर लगेच, की पंचवीस-सव्वीसला? दुसरं उत्तर निघालं असतं तर डॉक्टरांच्या गोष्टीला जागा राहिली असती.

अवशेषांवरच्या अळ्या ग्लासगो विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर मेर्न्स यांच्याकडे गेल्या. त्यांनी जात ओळखली: निळी, गुणगुणणारी ब्लोफ्लाय, शास्त्रीय नाव कॅलिफोरा व्हिसिना. वय काढलं १२ ते १४ दिवस. आता २९ मधून वजा करा. १५ ते १७ सप्टेंबर. १७ तारखेला रक्स्टन यांच्या गाडीने केंडलमध्ये एका सायकलस्वाराला धडक दिली होती आणि त्याची पोलिसांकडे नोंद होती. ओढ्याला पूर येऊन पाणी कुठवर चढलं होतं, त्यावरूनही तुकडे १९च्या आधीच पडले असावेत असं दिसत होतं. तीन वेगळे साक्षीदार एकाच आठवड्याकडे बोट दाखवत होते. एकट्या अळीने कोणाला फासावर चढवलं नाही, हे लक्षात ठेवा. कवटी आणि जुना फोटो एकमेकांवर ठेवून केलेली ओळख तर त्या खटल्यात जास्त गाजली. १२ मे १९३६ रोजी मँचेस्टरमध्ये रक्स्टन यांना फाशी झाली.

आता मेर्न्स यांनी वय काढलं कसं? माशी अंडी घालते डोळे, नाक, तोंड, जखम अशा ओलसर जागी. अंड्यातून अळी निघते, दोनदा कात टाकते, म्हणजे अळीच्या अवस्था तीन. मग ती खाणं सोडून दूर सरकते, कोष करते, त्यातून माशी. हा क्रम ठरलेला आहे. वेग मात्र ठरलेला नाही, तो तापमानावर चालतो. समजा एका जातीची वाढ ५ अंशांखाली थांबते. हवा २० अंश असेल तर कामाचे अंश १५. हवा १० असेल तर फक्त ५. म्हणजे उबदार दिवसात एका दिवसाची वाढ थंडीत तीन दिवस घेईल. म्हणून आधी त्या भागाच्या तापमानाच्या नोंदी हातात घ्यायच्या आणि मगच अळी मोजायची. मोठा घोळका जमला की अळ्या स्वतःच उष्णता तयार करतात, ते वेगळंच झेंगट.

आणि इथेच सगळे चुकतात, टीव्हीवरच्या मालिका तर हमखास. अळीचं वय म्हणजे मृत्यूची वेळ नव्हे! ते माशी पोचल्यापासूनचं अंतर आहे. माशी रात्री सहसा अंडी घालत नाही, मुसळधार पावसात येत नाही, बंद खोलीत तिला वाट शोधावी लागते. म्हणून आम्ही म्हणतो, 'किमान इतके दिवस'. हवाईमध्ये ली गॉफ या कीटकशास्त्रज्ञांकडे ब्लँकेटांत घट्ट गुंडाळलेल्या स्त्रीचं प्रकरण आलं. अळ्या सांगत होत्या साडेदहा दिवस, ती बेपत्ता होती तेरा दिवस. हे अडीच दिवस गेले कुठे? त्यांनी मेलेलं डुक्कर तसंच गुंडाळून घरामागे ठेवलं आणि बसून पाहिलं. माशांना आत शिरायला अडीच दिवस लागले. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यांनी अंदाजाने आकडा वाढवला नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न : मृत व्यक्तीने ड्रग्ज घेतले असतील तर?)

चांगला प्रश्न. ते मांसातून अळीत उतरतात. कोकेनने काही जातींची वाढ वेगाने होते, म्हणजे अळी आहे त्यापेक्षा मोठ्या वयाची वाटते. गंमत अशी की, देहात तपासायला काहीच उरलं नसेल तर त्याच अळ्यांमध्ये ते औषध सापडू शकतं.

(प्रश्न : आपल्याकडच्या हवेत हे चालतं का?)

चालतं, पण युरोपातले आकडे इथे लावायचे नाहीत. आपल्याकडे क्रायसोमाया गटातल्या हिरव्या-निळ्या माशा जास्त, आणि उन्हाळ्यात अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास साधारण दहा दिवसांत उरकतो. त्यात अडचण अशी की, शवागारात देह धुतला की अळ्याही वाहून जातात. काही अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवायला हव्यात आणि काही जिवंत वाढवायला हव्यात, कारण जात खात्रीने ओळखायला पूर्ण वाढलेली माशी लागते. देहाभोवतीची काही मीटर मातीही खणून पाहायची. सगळ्यात आधी आलेल्या माशीची पिल्लं तोवर तिकडे जाऊन कोषात बसलेली असतात.