जुन्या स्पोर्ट्स मोटारीचें इंजिन उभ्या जागीं वेगानें कां चालतें ?

शेतकऱ्यांच्या मासिकांत स्पोर्ट्स मोटारीचा विषय कशासाठीं, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. परंतु ज्या तत्त्वाच्या कार्ब्युरेटरावर ही मोटार चालते, त्याच तत्त्वाचा कार्ब्युरेटर आपल्या जुन्या पेट्रोल जीपगाडीवर असतो व रॉकेलवर चालणाऱ्या पंपाच्या इंजिनावरही असतो. एकाचा दोष नीट समजला म्हणजे दुसऱ्याचा शोधणें सोपें जातें.

मुंबईंतील हौशी लोकांनीं जपलेल्या जुन्या मोटारींत एम. जी. टी. सी. ही दोन माणसांची उघडी गाडी आढळते. इंग्लंडांत १९४५ पासून १९४९ पर्यंत या जातीच्या सुमारें दहा हजार गाड्या तयार झाल्या. हिचें इंजिन १२५० घनसेंटिमीटरांचें असून त्यास एस. यू. जातीचे दोन कार्ब्युरेटर असतात. तापलेलें इंजिन उभ्या जागीं मिनिटास साधारणतः ८०० ते १००० फेरे घेतें. मिस्त्री लोक या चालीस आयडलिंग म्हणतात. हेच फेरे दोन हजारांवर गेले, तर परळ-लालबागच्या गर्दींत मोठी पंचाईत होते. पाय उचलला तरी गाडी पुढें रेटते, ब्रेक व क्लच झिजतात, इंजिन तापतें आणि पेट्रोल फुकट जळतें.

अशा वेळीं बहुतेक मालक प्रथम आयडलिंगचा स्क्रू सैल करितात. आमच्या मतें हें काम सर्वांत शेवटीं करावें. पाटाची मोरी बंद केल्यावरही वाफ्यांत पाणी येत असेल, तर शहाणा शेतकरी मोरी अधिक ठोकीत बसत नाहीं. बांधास कोठें भोंक पडलें तें पाहतो. इंजिनाचेंही तसेंच आहे. पेट्रोलमिश्रित हवेचा पाट थ्रॉटलच्या झडपेनें अडविलेला असतो. फेरे वाढले, तर बहुधा झडप पुरती मिटलेली नसते, किंवा हवा दुसऱ्या वाटेनें शिरत असते.

म्हणून प्रथम झडप पहावी. इंजिन बंद ठेवून पायाचें पेडल दाबावें व सोडावें. दांडे चटकन मागें येऊन टेकले पाहिजेत. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेंत तारेस गंज चढतो, स्प्रिंग ढिली पडते, आणि कधीं पायाखालची चटईही पेडलास अडते. चोकची तारही पहावी. थंड इंजिन बंद पडूं नये म्हणून चोक ओढतांच झडप किंचित उघडावी अशी जोडणी अनेक गाड्यांत असते. ती तार अडकली तर इंजिन तापल्यावरही चाल उतरत नाहीं. दोन कार्ब्युरेटर असल्यास त्यांना जोडणारा दांडा सैल करून पहावा. पुष्कळदां एकाची झडप दुसरीस उघडी धरून ठेवते.

एवढ्यानें दोष सांपडला नाहीं तर चोरवाट शोधावी. इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटराच्या बुडाचें गॅस्केट, मॅनिफोल्डचे सांधे व झडपेच्या दांड्याचीं टोकें यांवर बारीक फवाऱ्यानें थोडें थोडें पाणी मारावें. विजेच्या तारा मात्र भिजवूं नयेत. ज्या ठिकाणीं पाणी पडतांच चाल बदलते तेथें गळती समजावी. या कामीं कित्येक लोक पेट्रोल वापरतात, तें सर्वथा टाळावें, टी. सी. गाडींत कार्ब्युरेटर व धुराचा तापलेला नळ एकाच बाजूस असल्यानें भडका उडण्याची भीति असते. झडपेचा दांडा झिजून खुळखुळत असेल तर नवें गॅस्केट घालून उपयोग नाहीं. दांडा व त्याची बुशिंग बदलावी लागते.

तिसरी गोष्ट ठिणगीची वेळ. डिस्ट्रिब्यूटरमधील वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या तर ठिणगी वेळेआधीं पडूं लागते व फेरे वाढतात.

हें सर्व झाल्यावरच स्क्रूस हात लावावा. रबराच्या नळीचें एक टोक कानाशीं व दुसरें एकेका कार्ब्युरेटराच्या तोंडाशीं धरावें, आणि दोहोंचा सूं सूं आवाज सारखा होईपर्यंत दोन्ही स्क्रू थोडे थोडे फिरवावे. ही तपासणी मोकळ्या हवेंतच करावी. कोंडलेल्या गॅरेजांत धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायु माणसाचा जीव घेतो, आणि त्यास वास नसतो.

मुंबईंत ही विद्या टॅक्सीच्या मिस्त्रींनीं पुष्कळ काळ जोपासली. प्रीमियर पद्मिनी जातीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी ताडदेवच्या कचेरींत २००३ सालीं नोंदली गेली, व वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या आक्टोबरांत ती रस्त्यावरून गेली. नव्या मोटारींत कार्ब्युरेटर नाहीं, म्हणून त्याची नाडी ओळखणारे हातही यापुढें कमी होत जाणार. ऑपेरा हाऊसनजीकच्या दुकानांतून सुटे भाग मिळतील. पण कोणता भाग बदलावा हें दुकानदार सांगूं शकत नाहीं. तें मालकासच कळलें पाहिजे. आमच्या वाचकांनीं आपल्या जीपगाडीवर व पंपावर हाच क्रम ठेवावा : आधीं झडप, मग गळती, मग ठिणगी, व सर्वांत शेवटीं स्क्रू. यांतील पहिल्या पायरीस पैसा लागत नाहीं, आणि नवा कार्ब्युरेटर विकत घेण्याचा खर्च पुष्कळदां तेथेंच वांचतो.