डब्यातले लाल जिरॅनियम

घर दोन खोल्यांचे, पुढे अंगण हातभर. अशा ठिकाणी बाग कुठली, असे पुष्कळांना वाटते. परंतु रंगाचा रिकामा डबा आणि एक फांदी एवढ्यावर दारात लाल फूल डोलू शकते. त्याचे नाव जिरॅनियम.

हे झाड मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. तेथून ते युरोपात गेले. ‘पॉल क्राम्पेल’ हा त्याचा गाजलेला लालभडक वाण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील लमवान यांच्या रोपवाटिकेतून तो बाहेर पडला. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यासमोरचे वाफे वर्षानुवर्षे त्याने रंगत. हा वाण बियांवर नव्हे, फांदीवर वाढवतात. म्हणजे राजवाड्यापुढचे रोप आणि गरिबाच्या खिडकीतले रोप, दोन्ही एकाच झाडाची लेकरे!

मी सोलापूरहून पहिले रोप आणले आणि महिन्यात घालवले. काळ्या मातीत लावून दोन्ही वेळ पाणी घालत होतो. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “भाऊ, ते तहानेनं नाही मेलं, बुडून मेलं!” खरेच होते. काळी माती पाणी धरून ठेवते आणि देठ कुजतो.

मग त्यांच्याच सल्ल्याने डब्याला खाली भोके पाडली. तळाशी मुरुम घातला. आमच्या गावाचे तर नावच ते! वर माती, वाळू व कुजलेले शेणखत. पावसाळा सरल्यावर चार बोटे लांबीची, फूल नसलेली शेंड्याची फांदी पेराखाली कापावी. खालची पाने काढून काही तास सावलीत सुकवावी व लावावी. माती वरून कोरडी झाली तरच पाणी घालावे. उन्हाळ्यात फक्त सकाळचे ऊन द्यावे, पावसात डबा वळचणीच्या आत घ्यावा. सुकलेली फुले खुडली की नवी येतात.

एक सावधगिरी हवी. हल्ली महाराष्ट्रात तेलासाठी जिरॅनियमची शेती होते, ती जात वेगळी. तिची फुले फिकट गुलाबी, तेल पानांतून निघते. लाल फुलांच्या रोपावर तेलाचे उत्पन्न सांगून कोणी पैसे मागितले, तर भुलू नये.

माझ्या झाडाच्या फांद्या आता आळीत पाच घरी लागल्या आहेत. भगिनींनो, रोपासाठी दरवर्षी पैसे कशाला? शेजारणीकडे फांदी मागा आणि आपली फुलली की दुसरीला द्या.